शोधयंत्रामागचं गणित: मोजणी, लॉग आणि कोन

शोधपेटीत दोन शब्द टाकले की लाखो कागदपत्रांतून दहा समोर येतात, आणि त्यातलं पहिलं बहुतेक वेळा कामाचंच निघतं. हे कसं घडतं ते शिकावं म्हणून कुणी पुस्तक उघडतो, तर पहिल्याच प्रकरणात त्याला मॅट्रिक्स, आयगेनव्हेक्टर वगैरे मंडळी भेटतात. बहुतेकांची उमेद तिथेच संपते. खरं तर संपायचं कारण नाही. या विषयातलं बरंचसं गणित मोजणी, भागाकार आणि लॉग एवढ्यावर चालतं. अवघड असतं ते सूत्रातला प्रत्येक तुकडा तिथे कशाला बसवलाय हे कळणं. त्यावर एक खात्रीचा उपाय आहे: तो तुकडा काढून टाकायचा आणि काय बिघडतं ते कागदावर करून पाहायचं.

दोन नावं आधी सांगून टाकू. माहिती-शोध म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला जुळणारी कागदपत्रं साठ्यातून काढून क्रमाने लावणं. डेटा मायनिंग म्हणजे कुणी नेमका प्रश्न विचारलेला नसताना साठ्यात दडलेले नमुने हुडकणं. कामं वेगळी असली तरी गणित जवळपास एकच, म्हणून दोन्ही एकत्र शिकलेलं बरं.

गणिताच्या आधी सूची

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते: शब्द, आणि पुढे तो ज्या पानांवर आहे त्यांचे क्रमांक. शोधयंत्राच्या पोटात हेच असतं, फक्त पानांऐवजी कागदपत्रांचे क्रमांक. याला उलटी सूची म्हणतात. दोन शब्दांचा शोध आला की दोन याद्या घ्यायच्या, दोन्हींवर एकेक बोट ठेवायचं, ज्या यादीवरचा आकडा लहान तिथलं बोट पुढे सरकवायचं, आकडे जुळले की नोंद करायची. याद्या चढत्या क्रमाने लावलेल्या असल्या की एका फेरीत काम होतं. नसल्या तर प्रत्येक आकड्यासाठी दुसरी यादी धुंडाळत बसावं लागतं.

मराठीत इथेच पहिली ठेच लागते. 'पाणी', 'पाण्याचं', 'पाण्यात', 'पाण्याखालून' हे संगणकाला चार वेगळे शब्द दिसतात. प्रत्यय छाटले तरी हाती 'पाण्या' हे सामान्यरूप राहतं, 'पाणी' नाही. सामान्यरूपापासून मूळ शब्दाकडे नेणारा तक्ता किंवा नियम नसेल, तर पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी मोजणीच चुकलेली असते.

किती वेळा आला, आणि किती ठिकाणी आला

समजा साठ्यात १,००० कागदपत्रं आहेत आणि शोध आहे 'पाणी बाष्पीभवन'. पहिली कल्पना १९५७ सालची, हान्स पीटर लून यांची: जो शब्द कागदपत्रात जास्त वेळा येतो, त्याबद्दल ते कागदपत्र जास्त बोलतं. दुसरी कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली: जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो, तो ओळख पटवायला जास्त उपयोगी. या दुसऱ्या कल्पनेचं सूत्र असं: एकूण कागदपत्रं भागिले तो शब्द असलेली कागदपत्रं, आणि येईल त्याचा लॉग, म्हणजे दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते तो आकडा. याला शब्दाचं दुर्मिळता-वजन म्हणू.

'आणि' हा शब्द सगळ्या १,००० कागदपत्रांत आहे. भागाकार १, त्याचा लॉग ०. म्हणजे 'आणि' आपोआप बाद. त्यासाठी वगळायच्या शब्दांची यादी करावी लागली नाही. 'पाणी' १०० कागदपत्रांत आहे: भागाकार १०, दहाच्या पायावर लॉग १. 'बाष्पीभवन' १० कागदपत्रांत: भागाकार १००, लॉग २.

लॉग कशाला? नुसता भागाकार का चालत नाही? एकाच कागदपत्रात कुणाच्या तरी चुकीने 'बाष्पीभनव' असं छापलं गेलं असेल, तर नुसत्या भागाकाराने त्या टंकदोषाला १,००० वजन मिळेल, खऱ्या शब्दाला १००. लॉग घेतला की हे ३ आणि २ होतात. फरक राहतो, पण दहापट दादागिरी जाते.

आता दोन कागदपत्रं तोलू. पहिल्यात 'पाणी' ८ वेळा आहे आणि 'बाष्पीभवन' एकदाही नाही. दुसऱ्यात 'पाणी' २ वेळा, 'बाष्पीभवन' एकदा. वेळा गुणिले वजन केलं तर पहिल्याला ८ × १ = ८, दुसऱ्याला २ × १ + १ × २ = ४. पहिलं जिंकलं! वाचणाऱ्याला हवं होतं दुसरं. चूक अशी की आठव्यांदा आलेला 'पाणी' पहिल्यांदा आलेल्या 'पाणी'इतकीच नवी माहिती देतो असं आपण धरलं. म्हणून वेळांनाही लॉग लावायचा: १ + लॉग(वेळा). पहिल्याला १ + ०.९०३ = १.९०३. दुसऱ्याला (१ + ०.३०१) × १ + १ × २ = ३.३०१. आता क्रम बरोबर लागला. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करा, कारण पुढच्या बहुतेक सूत्रांत हाच डाव वेगळ्या वेषात येतो.

लांब कागदपत्राचा गैरफायदा

तुमचंच कागदपत्र दोनदा चिकटवून दुप्पट लांब केलं तर ते जास्त उपयोगी झालं का? नाही. पण वेळा मोजणाऱ्या सूत्राला तसं वाटतं. इथे सदिश कामाला येतात. सदिश म्हणजे आकड्यांची क्रमवार यादी, आणि त्याच वेळी आलेखावरचा बाण. 'पाणी' ३ वेळा आणि 'मीठ' ४ वेळा असलेलं कागदपत्र म्हणजे (३, ४). दुप्पट केलेलं म्हणजे (६, ८). शोध नुसता 'पाणी' असेल तर (१, ०).

जोडीजोडीने गुणून बेरीज करणं म्हणजे डॉट प्रॉडक्ट. पहिल्याचं ३ × १ + ४ × ० = ३, दुसऱ्याचं ६. आता प्रत्येकाला आपापल्या बाणाच्या लांबीने भागा. पायथागोरसच्या प्रमेयाने (३, ४) ची लांबी ५, (६, ८) ची १०. दोन्ही उत्तरं ०.६. हेच दोन बाणांमधल्या कोनाचं कोसाईन. लांबी गेली, दिशा उरली. आणि विषय दिशेत असतो. गेरार्ड सॉल्टन आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात उभी केलेली सदिश-मांडणी या एका निरीक्षणावर उभी आहे.

'दोन टोकांमधलं साधं अंतरच का मोजू नये?' असं कुणी विचारेल. मोजून पाहा. (३, ४) आणि (६, ८) मधलं अंतर ५ भरतं, (३, ४) आणि (४, ३) मधलं फक्त १.४१. म्हणजे स्वतःची दुप्पट प्रत परकी ठरली आणि वेगळं कागदपत्र जवळचं. कोसाईन पहिल्या जोडीला १ देतं, दुसरीला ०.९६.

पण कोसाईन उलट्या बाजूला झुकतं. चार ओळींच्या कागदपत्रात शोधलेला शब्द एकदा आला तरी ते वर चढून बसतं. त्यावरची तडजोड म्हणजे बीएम२५ हे सूत्र. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या ओकापी या शोधप्रणालीत १९९० च्या दशकात ते घडलं आणि आजही अनेक शोधयंत्रांत तेच पहिलं चाळण लावतं. त्यात दोन खुंट्या आहेत. एक खुंटी लांबीची शिक्षा ठरवते: ० म्हणजे शिक्षा नाही, १ म्हणजे पूर्ण, सहसा ०.७५ ठेवतात. दुसरी पुनरुक्तीला छत घालते. ती १.२ वर ठेवली आणि कागदपत्र सरासरी लांबीचं असलं, तर एकदा आलेल्या शब्दाला १ गुण, दोनदा आलेल्याला १.३८, दहादा १.९६, शंभरदा २.१७, आणि कितीही वेळा कोंबला तरी २.२ च्या वर नाही. शब्द कोंबून वर चढू पाहणाऱ्यांना लॉग पुरेसा अडवत नव्हता, कारण तो हळू का होईना वाढतच राहतो.

उत्तर चांगलं की वाईट, हे कशावरून?

१०,००० कागदपत्रांत कामाची २० आहेत. यंत्राने १० काढून दिली, त्यातली ८ कामाची. दिलेल्यातली कामाची किती हे अचूकता: ८०%. कामाच्यापैकी सापडली किती हे व्याप्ती: ४०%. या दोन मापांचा पाया १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड इथे सिरिल क्लेव्हर्डन यांनी केलेल्या प्रयोगांनी घातला.

साधी 'बरोबर किती टक्के' मोजणी इथे फसवते. काहीच न देणारं यंत्र ९,९८० कागदपत्रांबाबत बरोबर ठरतं, म्हणजे ९९.८%! दोन्ही मापांची साधी सरासरीही फसवते: सगळीच्या सगळी १०,००० कागदपत्रं समोर टाकली तर व्याप्ती १००%, अचूकता ०.२%, सरासरी सुमारे ५०%. म्हणून हरात्मक सरासरी घेतात: दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज. ती ०.४% येते, म्हणजे लायकीप्रमाणे. आपल्या आधीच्या यंत्राला ती ५३.३% देते.

नमुना खरा की योगायोग?

आता डेटा मायनिंगकडे. ग्रंथालयाच्या १,००० सभासदांपैकी ६०० जण रहस्यकथा नेतात, ७०० जण प्रवासवर्णनं नेतात, ४०० जण दोन्ही. 'रहस्यकथा नेणारा प्रवासवर्णनही नेतो' या नियमाची खात्री ४०० ÷ ६००, म्हणजे ६६.७%. छान वाटतं? पण कोणताही सभासद डोळे मिटून उचलला तरी तो प्रवासवर्णन नेण्याची शक्यता ७०% आहे. रहस्यकथेमुळे ती वाढली नाही, घटली. म्हणून खात्रीला मूळ प्रमाणाने भागायचं: ०.६६७ ÷ ०.७ = ०.९५. याला उठाव म्हणू. उठाव १ पेक्षा कमी म्हणजे नातं उलटं. नवशिक्यांच्या अहवालांत ही चूक सर्रास दिसते.

असे नियम शोधायचे तर सगळे गट तपासणं अशक्य. १०० वस्तूंचे गट २ चा १०० वा घात इतके, म्हणजे १ वर सुमारे ३० शून्यं. १९९४ साली राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी मांडलेल्या अप्रायोरी पद्धतीची युक्ती शाळकरी मुलालाही पटेल: जी जोडीच दुर्मिळ, ती ज्या त्रिकुटात आहे ते त्रिकूट नेहमीचं असूच शकत नाही. तेव्हा आधी एकेकट्या वस्तू मोजा, दुर्मिळ फेका, उरलेल्यांच्या जोड्या मोजा (१०० च्या १०० उरल्या तरी त्या फक्त ४,९५०), पुन्हा फेका, मग त्रिकुटं.

आणखी एक खड्डा आहे. योगायोगाची शक्यता ५% पेक्षा कमी असेल तर नमुना खरा मानायचा, असा नियम लावून तुम्ही १,००० निरर्थक नमुने तपासले, तर त्यातले सुमारे ५० 'खरे' ठरतील. नमुने शोधणं हाच धंदा असलेल्या विषयात हे विसरून चालत नाही. एका भागावर नमुना शोधा, बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या भागावर तपासा.

उलटी संभाव्यता

१,००,००० व्यवहारांत १०० फसवे आहेत. यंत्र ९९% फसवे व्यवहार पकडतं आणि १% चांगल्यांवर खोटा आळ घेतं. यंत्राने बोट दाखवलेला व्यवहार फसवा असण्याची शक्यता किती? अनेक जण ९९% म्हणतात. मोजा: पकडलेले फसवे ९९, खोटा आळ ९९,९०० चा १% म्हणजे ९९९. एकूण १,०९८ पैकी ९९, म्हणजे ९%. 'फसवा असेल तर पकडला जाणं' आणि 'पकडला असेल तर फसवा असणं' या दोन सशर्त संभाव्यता वेगळ्या आहेत; एकीकडून दुसरीकडे जायचा पूल म्हणजे बेझचं प्रमेय. ते सूत्र पाठ करण्यापेक्षा असं माणसं मोजल्यासारखं मोजावं. चूक होत नाही.

हेच प्रमेय शब्दाशब्दाला लावून नको असलेली मेल वेगळी काढतात. तिथे दोन गोष्टी हमखास मोडतात. सरावाच्या मेलमध्ये कधीच न आलेल्या शब्दाची शक्यता ० धरली जाते आणि एका शून्याने सगळा गुणाकार शून्य होतो. म्हणून प्रत्येक मोजणीत १ मिळवतात. दुसरं, ०.०१ सारख्या २०० शक्यता गुणल्या की उत्तरात दशांशचिन्हानंतर ३९९ शून्यं येतात. नेहमीच्या दशांश-साठवणीत इतकी लहान संख्या मावत नाही, संगणक तिला ० करून टाकतो. उपाय पुन्हा लॉग: गुणाकाराची बेरीज होते आणि आकडे आटोक्यात राहतात.

मॅट्रिक्स इतक्या उशिरा का?

कारण आत्तापर्यंत गरज पडली नाही. ती पडते तेव्हा कारण दिसतं. तीन पानं घ्या. क कडून ख आणि ग ला दुवे आहेत, ख कडून ग ला, ग कडून क ला. प्रत्येकाला १/३ महत्त्व देऊन सुरुवात करा आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक पानाने आपलं महत्त्व दुव्यांत सारखं वाटावं. पहिल्या फेरीनंतर क, ख, ग: ०.३३, ०.१७, ०.५. दुसरीनंतर ०.५, ०.१७, ०.३३. तिसरीनंतर ०.३३, ०.२५, ०.४२. डोलत डोलत आकडे ०.४, ०.२, ०.४ वर येऊन स्थिरावतात, आणि पुढची फेरी ते बदलत नाही. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा ओळी-स्तंभांचा तक्ता; कोणतं पान कुणाला किती वाटा देतं हे त्यात लिहिलं की एक फेरी म्हणजे त्या मॅट्रिक्सने एक गुणाकार. मॅट्रिक्सने गुणूनही ज्याची दिशा बदलत नाही असा सदिश म्हणजे आयगेनव्हेक्टर. झालं, भीतीचा शब्द संपला.

आता ग चा क कडे जाणारा दुवा तोडून पाहा. ग कडे आलेलं महत्त्व पुढे जात नाही, दर फेरीला गळतं, आणि शेवटी सगळे शून्यावर येतात. म्हणून सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांच्या १९९८ च्या पेजरँकमध्ये वाचणारा ८५% वेळा दुवा पकडतो, १५% वेळा कुठल्याही पानावर उडी मारतो, आणि दुवेच नसलेल्या पानावरून तर उडी मारण्यावाचून गत्यंतर नसतं.

मॅट्रिक्सचं दुसरं काम समानार्थी शब्दांचं. एकात 'मोटार', दुसऱ्यात 'गाडी' असेल तर डॉट प्रॉडक्ट ०. शब्द आणि कागदपत्रांचा मोठा तक्ता काहीशे दिशांत दाबून बसवला की एकाच संगतीत वावरणारे शब्द जवळ येतात. १९९० साली मांडलेल्या या पद्धतीला सुप्त-अर्थ सूची म्हणता येईल, आणि तिचं यंत्र म्हणजे एसव्हीडी हे मॅट्रिक्सचं विघटन. तोटा असा की दाबलेल्या दिशांना नाव नसतं. हे कागदपत्र वर का आलं, याचं उत्तर देता येत नाही.

'आता न्यूरल मॉडेलं आहेत, हे जुनं झालं'

उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या त्या मॉडेलांनी वाक्याचा सदिश बनवायची रीत बदलली. सदिश हाती आल्यावर दोन वाक्यं किती जवळची हे बहुतेक ठिकाणी कोसाईन किंवा डॉट प्रॉडक्टच सांगतं. शिवाय सुट्या भागाचा क्रमांक किंवा नेमका कलम-क्रमांक शोधायचा असेल तर अशी मॉडेलं 'जवळपासचा' क्रमांक काढून देतात. तिथे बीएम२५ नेमकं जुळवतं. म्हणून दोन्ही चालवून उत्तरं एकत्र करायची पद्धत आहे.

या सदिशांत शेकडो आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक मिती. शेकडो मितींचं एक विचित्र वागणंही समजून घ्यावं लागतं. १ बाजू असलेल्या चौरसाचा १% भाग व्यापायला ०.१ बाजूचा छोटा चौरस पुरतो. १० मितींच्या घनात तेवढ्याच १% साठी बाजू ०.६३ लागते, १०० मितींत ०.९५. 'जवळपास' हा शब्दच तिथे फिका पडतो, आणि जागेचे तुकडे पाडून शेजारी शोधणाऱ्या पद्धती सगळा साठा चाळल्याइतक्या संथ होतात. म्हणून मोठ्या साठ्यांत अचूक शेजाऱ्याऐवजी बहुधा-जवळचा शेजारी शोधतात.

'मला कॅल्क्युलस येत नाही'

मॉडेल शिकवताना लागतं, आणि तेही थोडं: उतार, एकाच चलानुसार घेतलेला उतार, आणि साखळी-नियम. क्ष चा वर्ग कमीत कमी करायचाय, उतार २ × क्ष, सुरुवात १० पासून. दर वेळी क्ष मधून पाऊल गुणिले उतार वजा करायचं. पाऊल ०.१ घेतलं तर १०, ८, ६.४ असं खाली येतं. पाऊल १ घेतलं तर १०, −१०, १० असा जन्मभर झोका. १.१ घेतलं तर १०, −१२, १४.४, आणि गाडी दरीबाहेर. मॉडेल शिकत नाही म्हणून रडणाऱ्यांनी आधी पाऊल तपासावं. इंटिग्रेशनच्या युक्त्या, हाताने सोडवायचे डिटरमिनंट आणि त्रिकोणमितीची नित्यसमीकरणं सुरुवातीला बेधडक सोडून द्या.

'तयार लायब्ररी आहे, मग हाताने कशाला?'

चार वाक्यांचा साठा घ्या, वजनं कागदावर काढा, मग पायथन या संगणक-भाषेतल्या सायकिट-लर्न या तयार सूत्रांच्या लायब्ररीत तेच चालवा. आकडे जुळणार नाहीत. ती लायब्ररी दहाच्या पायाचा नव्हे तर नैसर्गिक लॉग घेते, भागाकाराच्या वर-खाली १ मिळवते, आणि लॉग काढून झाल्यावर त्या उत्तरातही १ मिळवते. त्यामुळे 'आणि'चं वजन ० न येता १ येतं. शब्दांच्या वेळांना लॉग ती आपणहून लावत नाही. ते वेगळं सांगावं लागतं. शेवटी प्रत्येक सदिश १ लांबीचा करते. यातलं काही चूक नाही, पण माहीत नसेल तर निकाल का बिघडला हे कळत नाही.

मराठी मजकुरावर तर मोठी गंमत होते. शब्द वेगळे करायचा तिचा मूळ नियम काना, वेलांटी, मात्रा यांना अक्षर मानत नाही आणि एकाक्षरी तुकडे टाकून देतो. 'पाणी' त्यातून पूर्ण नाहीसं होतं. 'बाष्पीभवन'चं उरतं 'भवन'. कुठलीही सूचना येत नाही, सदिश तयार होतात, कोसाईन निघतं. साठ्यातल्या शब्दांची यादी छापून पाहिली तरच हे दिसतं. तेव्हा शब्दविभागणीचा नियम स्वतः द्या: विरामचिन्हं काढा, मोकळ्या जागेवर तोडा, आणि पहिल्या चार वाक्यांचे शब्द कागदावरच्या यादीशी एकेक करून ताडून घ्या.